ऑप्शनचा तक्ता कसा वाचावा? डिजिटल पेमेंट फंडाच्या निमित्ताने



गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा पेला हातात घेऊन उभा होतो. आपले एक ज्येष्ठ सभासद जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले, म्हणून विचारतो. हे कार्डावरचे, फोनवरचे पैसे देणे आता वाढतच जाणार ना? त्या कंपन्यांचा एक फंड आहे म्हणे. आणि त्यावर ऑप्शन घेतला तर थोड्या पैशांत मोठा लाभ होतो, असे आमचे चिरंजीव सांगतात. खरे का?"

मी म्हटले, "काका, मी तेच करून बसलो आहे. चारशे डॉलर गेले."

"म्हणजे फंड पडला?"

"नाही. फंड पाच टक्क्यांनी वर गेला."

काकांनी पेला खाली ठेवला आणि खुर्ची ओढली. त्या रात्री त्यांना जे सांगितले तेच जरा सविस्तर या अंकात मांडतो. मी वित्त सल्लागार नाही. इंजिनियर आहे, आणि आकड्यांचा तक्ता पुढे आला की तो आपल्याला कळतो असा इंजिनियर लोकांचा एक गोड गैरसमज असतो. त्या गैरसमजाची किंमत मी मोजली आहे. वाचकांनी ती पुन्हा मोजू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

फंड कोणता?

या फंडाचे नाव अ‍ॅम्प्लिफाय डिजिटल पेमेंट्स ई.टी.एफ. बाजारातील त्याची खूण 'आयपे'. जुलै २०१५ मध्ये तो दुसऱ्या एका कंपनीने मोबाइल पेमेंटचा फंड म्हणून सुरू केला. २०२४ मध्ये तो अ‍ॅम्प्लिफायकडे आला. ई.टी.एफ. म्हणजे शेअरसारखा दिवसभर खरेदी-विक्री होणारा फंड. आपल्या नेहमीच्या म्युच्युअल फंडाचा भाव दिवसातून एकदा, बाजार बंद झाल्यावर ठरतो, ई.टी.एफ.चा भाव मिनिटामिनिटाला हलतो. आयपेच्या टोपलीत व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, पेपाल, फायसर्व्ह अशी आपल्या पाकिटातली आणि पाकिटामागची नावे आहेत. वार्षिक खर्च ०.७५ टक्के, म्हणजे वीस हजार डॉलर ठेवले तर वर्षाला दीडशे डॉलर.

कल्पना मनाला पटकन पटते. आपण भारतात गेलो की भाजीवालीच्या गाडीवरही चौकोनी कोडचा पुठ्ठा लटकलेला दिसतो. यू.पी.आय. ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात तिच्यावर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. मग या धंद्यात पैसा घालायला हरकत काय?

इथे पहिली सावधगिरी. यू.पी.आय. चालवणारी एन.पी.सी.आय. ही मुंबईची संस्था नफ्यासाठी स्थापन झालेली नाही आणि तिचे शेअर बाजारात नाहीत. शिवाय जानेवारी २०२० पासून यू.पी.आय.च्या व्यवहारावर दुकानदाराकडून घेण्याचे शुल्क शून्य करण्यात आले. व्यवहार वाढले म्हणून पैसे पोहोचवणाऱ्याचा नफा वाढतोच असे नाही, याचे याहून मोठे उदाहरण जगात सापडणार नाही. अमेरिकेतही तसेच. पेपालचा शेअर जुलै २०२१ मध्ये ३०० डॉलरच्या वर होता. २०२२ संपताना तो ७१ डॉलरवर आला. त्या दीड वर्षात लोकांनी फोनवरून पैसे देणे काही थांबवले नव्हते. धंद्याविषयीची गोष्ट खरी असली तरी तिच्यासाठी आपण किती भाव मोजला हा वेगळा प्रश्न आहे. ऑप्शनच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा होतो.

ऑप्शन म्हणजे इसार

आपल्याकडे जमिनीचा किंवा घराचा सौदा करताना इसार देतात. समजा, कोणी शेत दहा लाखांना ठरवले, वीस हजार इसार दिला आणि तीन महिन्यांत खरेदीखत करायचे ठरले. मधल्या काळात जमिनीचा भाव वाढला तर खरेदीदार खूष. त्याने विचार बदलला तर इसार बुडाला, पण बाकीचे पैसे सुरक्षित. कॉल ऑप्शन साधारण असाच असतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, आणि त्या हक्कासाठी आज दिलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. फरक एवढाच की इसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही. तो गेलाच.

पुट ऑप्शन याच्या उलट. ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क. तो विम्यासारखा आहे. घराला आग लागली नाही तर विम्याचा हप्ता वाया जातो आणि तरीही आपण कुरकुरत नाही.

हा प्रकार आपल्याला परका नाही. मुंबईच्या बाजारात कॉलला 'तेजी' आणि पुटला 'मंदी' म्हणत. भारत सरकारच्या १९५६ च्या रोखे करार कायद्याने शेअरवरील ऑप्शनला बंदी केली, तेव्हा कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी आणि तेजी-मंदी हे शब्द जसेच्या तसे घातले होते. ती बंदी १९९५ मध्ये उठली आणि २००१ च्या जूनमध्ये निफ्टीवरचे ऑप्शन सुरू झाले. अमेरिकेत शिकागो येथे एप्रिल १९७३ मध्ये १६ शेअरांच्या कॉलपासून या बाजाराची रीतसर सुरुवात झाली. पुट १९७७ मध्ये आले.

अमेरिकेत एक ऑप्शन म्हणजे सहसा १०० शेअर. तक्त्यात भाव ३.४० दिसला तर खिशातून ३४० डॉलर जातात. नवखा माणूस इथेच पहिल्यांदा चकतो.

तक्त्यातील रकाने

ब्रोकरच्या पडद्यावर ऑप्शनचा तक्ता उघडला की आकड्यांची भिंत उभी राहते. डावीकडे कॉल, उजवीकडे पुट, मध्ये ठरलेल्या भावांची शिडी. तिला स्ट्राइक म्हणतात. त्यातली एक ओळ आपण घेऊ. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत. फंडाचा भाव ५० डॉलर आहे असे धरा.

स्ट्राइक ५०, कॉल, मुदत तीन महिने.
शेवटचा भाव: २.१०
बिड: १.९०
आस्क: ३.४०
व्हॉल्यूम: ०
ओपन इंटरेस्ट: १४
इम्प्लाइड व्होलॅटिलिटी: २४ टक्के

शेवटचा भाव म्हणजे याआधी जो सौदा झाला त्याचा भाव. तो कधी झाला? पाच मिनिटांपूर्वी झाला असेल किंवा तीन आठवड्यांपूर्वीही, जेव्हा फंड कदाचित ४८ डॉलरवर होता. व्हॉल्यूम शून्य आहे याचा अर्थ आज एकही सौदा झालेला नाही. म्हणजे २.१० हा आकडा जुन्या वर्तमानपत्रातल्या कांद्याच्या भावासारखा. मंडईत तो सांगून उपयोग नाही.

बिड म्हणजे या क्षणी कोणी घेणारा जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे तो भाव. आस्क म्हणजे विकणारा कमीत कमी किती मागतो तो भाव. आपण घाईने घेतले तर आस्कने घेतो, घाईने विकले तर बिडने विकतो. दोहोंतले अंतर हा आपला खर्च. आपल्या ओळीत ते दीड डॉलर, म्हणजे एका ऑप्शनमागे दीडशे डॉलर आहे. कमिशन शून्य अशी जाहिरात असते. हा खर्च जाहिरातीत नसतो.

व्हॉल्यूम म्हणजे आज दिवसभरात झालेले सौदे. ओपन इंटरेस्ट म्हणजे आजवर झालेल्यांपैकी अजून उभे असलेले, न मिटलेले सौदे. या दोहोंत गल्लत होते. मी नवा कॉल घेतला आणि समोरच्याने तो नव्यानेच लिहून विकला, तर उभ्या सौद्यांत एकाची भर पडते. पण समोरचा आपला जुना कॉल मला विकून मोकळा झाला, तर संख्या तीच राहते, नुसता मालक बदलतो. व्हॉल्यूम दिवसभर वाढताना दिसतो. ओपन इंटरेस्ट मात्र सर्व सौद्यांची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग संस्थेकडून दिवसातून एकदाच मोजून येतो. सकाळी दिसतो तो काल रात्रीचा हिशेब.

१४ उभे सौदे! एवढी माणसे तर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या सभेला येतात. अमेरिकेतील सर्वांत जुना आणि मोठ्या उलाढालीचा ई.टी.एफ. म्हणजे १९९३ साली सुरू झालेला एस अँड पी ५०० चा 'स्पाय'. त्याच्या चालू मुदतीच्या ओळीत हा आकडा हजारोंत असतो आणि बिड-आस्कमधले अंतर एक-दोन सेंटांचे. आयपेसारख्या लहान, एकाच धंद्याच्या फंडात तशी वर्दळ नसते. अनेक ओळी रिकाम्या, आणि ज्या भरलेल्या त्यांतही बोटावर मोजण्याइतके सौदे.

अंतर एवढे रुंद का? यात कोणाची लबाडी नाही. समोर भाव लावून बसलेला व्यापारी, ज्याला मार्केट मेकर म्हणतात, तो आपल्याला कॉल विकतो तेव्हा स्वतःचा धोका कमी करण्यासाठी लगेच काही शेअर विकत घेतो. ज्या ऑप्शनला गिऱ्हाईक फारसे येत नाही तो पुढे कोणाला तरी विकून मोकळे होणे त्याला अवघड असते. ती अडचण तो भावात धरतो. गल्लीतला वाणी महिन्यातून एकदा खपणारी वस्तू कमी फायद्यावर कशी ठेवील?

माझा सौदा

आता माझी हकीकत. माझा पुण्याचा आतेभाऊ निफ्टीचे ऑप्शन फोनवरून घेतो आणि विकतो. सुट्टीत घरी गेलो असता त्याने पडद्यावर दाखवले: बटण दाबले की सौदा झाला, अंतर काही पैशांचे. मला वाटले, बाजार तो बाजार. परत आल्यावर मी आयपेचा तक्ता उघडला. शेवटचा भाव २.१० दिसला. चार कॉल, ८४० डॉलर, असा मनात हिशेब केला आणि 'मार्केट ऑर्डर' म्हणजे 'मिळेल त्या भावाने घे' असे बटण दाबले.

सौदा झाला ३.४० ने. १,३६० डॉलर गेले. पुढच्याच मिनिटाला खात्यात त्या चार कॉलची विकून येणारी किंमत दिसत होती ७६० डॉलर. फंड जागचा हललाही नव्हता. मला वाटले, ब्रोकरच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. इंजिनियरला नेहमी दुसऱ्याचा प्रोग्रॅम चुकला असेच वाटते. मी आस्कने घेतले होते आणि ब्रोकर बिडने मोजत होता. गणित बरोबर होते.

पुढे तीन महिने फंड हळूहळू चढला आणि मुदतीच्या आठवड्यात ५२.५० वर आला. पाच टक्के वाढ. माझा अंदाज बरोबर ठरला! पण ५० ने घेण्याच्या हक्काची किंमत आता उरली होती अडीच डॉलर, कारण मुदत संपत आली की वेळेची किंमत शून्याकडे जाते. माझी खरेदी ३.४० ची. फंड ५३.४० च्या वर गेला असता तरच मला पहिला डॉलर मिळाला असता. तक्त्यात बिड होते २.२०. या वेळी शहाणा होऊन २.४० चा भाव स्वतः लावला, दोन दिवस थांबलो, सौदा झाला. ९६० डॉलर आले. ४०० गेले.

त्याच १,३६० डॉलरमध्ये साधे फंडाचे २७ शेअर घेतले असते तर ६७ डॉलर नफा झाला असता. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कॉल मधल्या भावाने, म्हणजे २.६५ ने घेतले असते तरी शंभर डॉलरचा तोटा झालाच असता. म्हणजे चारशेपैकी शंभर गेले ते फंड पुरेसा चढला नाही म्हणून, आणि तीनशे गेले ते मी तक्त्यातला चुकीचा रकाना वाचला म्हणून.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. मुदतीच्या दिवशी ऑप्शन एका सेंटाने जरी फायद्यात असला तरी तो सहसा आपोआप अमलात येतो. मी विसरलो असतो तर शनिवारी सकाळी माझ्या खात्यात ४०० शेअर आणि माझ्या नावावर २०,००० डॉलरचे देणे दिसले असते, किंवा ब्रोकरने आधीच स्वतःच्या सोयीने कॉल विकून टाकले असते.

आतेभावाचे म्हणाल तर त्याच्याकडचे बिड-आस्क अंतर चिमूटभर असूनही चित्र फारसे वेगळे नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्यूचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. सौदा स्वस्त असला म्हणजे शहाणपणाचा असतो असे नाही.

हेलकाव्याची टक्केवारी

तक्त्यातला सर्वांत विद्वान दिसणारा रकाना इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा. याचा अर्थ असा: आज या ऑप्शनला जो भाव आहे तो योग्य मानला, तर पुढील काळात फंड वर्षाला किती टक्के हेलकावे खाईल असे बाजाराने गृहीत धरले आहे? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक-शोल्स सूत्रात हेलकाव्याचा आकडा घालून भाव काढतात. इथे भाव घालून उलट हेलकावा काढला आहे.

याचा उपयोग घरच्या घरी करता येतो. वर्षाची टक्केवारी २४ असेल तर महिन्याची काढण्यासाठी १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेतीनने भागावे: ७ टक्के. तीन महिन्यांसाठी २ ने भागावे: १२ टक्के. ५० डॉलरच्या फंडाला १२ टक्के म्हणजे ६ डॉलर. बाजाराचे म्हणणे असे की तीन महिन्यांनी भाव ४४ ते ५६ च्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश. वर जाईल की खाली, याबद्दल हा आकडा एक अक्षरही बोलत नाही.

पण आपल्या ओळीत तोही आकडा डळमळीत आहे. २४ टक्के निघाले ते बिड आणि आस्कच्या मधल्या भावावरून. नुसत्या बिडवरून काढले तर १६-१७ टक्के येतात, आणि आस्कवरून ३१-३२. म्हणजे मी ज्या भावाने कॉल घेतले त्या भावात, फंड तक्ता सांगतो त्याहून बराच जास्त हलेल असे मी नकळत मान्य केले होते. दशांश चिन्हापुढे दोन आकडे छापले म्हणून माप अचूक होत नाही.

काही जण पुट आणि कॉलच्या संख्येचे गुणोत्तर काढून 'बाजार मंदीत आहे' असे निदान करतात. मोठ्या फंडात त्याला थोडा अर्थ असेल. जिथे एका माणसाने शंभर पुट घेतले की गुणोत्तर उलटेपालटे होते, तिथे ते निदान बाजाराचे नसते, त्या एका माणसाचे असते. आणि त्याने ते विमा म्हणून घेतले की पैज म्हणून, हे तक्ता सांगत नाही.

विमा म्हणून पुट

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक कमावती व्यक्ती पेमेंटच्या धंद्यात आहे. बे एरियात व्हिसा आणि पेपाल, विस्कॉन्सिनमध्ये फायसर्व्ह, न्यूयॉर्कमध्ये मास्टरकार्ड. पगार तिथला, बोनस तिथला, मिळालेले शेअरही तिथलेच. अशा घराने वर आयपेचे कॉल घेणे म्हणजे सगळी अंडी ज्या टोपलीत आहेत तिच्यावर आणखी एक अंडे ठेवणे.

टोपलीचा उपयोग काय ते २९ ऑक्टोबर २०२५ ला दिसले. फायसर्व्हने आपल्या कमाईचा अंदाज खाली आणला आणि एका दिवसात शेअर ४४ टक्के कोसळला. समजा, एखाद्या फंडात अशा शेअरचा वाटा ५ टक्के आहे; फंडाला त्याचा फटका बसतो २.२ टक्के. ज्या घराची निम्मी पुंजी त्या एकाच शेअरमध्ये असेल, त्या घराला बसतो २२ टक्के.

मग आयपेचे पुट घेऊन विमा उतरवावा का? हिशेब करू. तुमच्याकडे फंडाचे ४०० शेअर, म्हणजे २०,००० डॉलर आहेत. ४५ स्ट्राइकचा तीन महिन्यांचा पुट तक्त्यात बिड ०.३०, आस्क १.०५ असा दिसतो. आस्कने चार घेतले तर ४२० डॉलर, म्हणजे तीन महिन्यांसाठी २.१ टक्के. वर्षातून चारदा घेतले तर ८.४ टक्के. शिवाय फंड ४५ पर्यंत पडला तर पहिले २,००० डॉलर तुमचे तुम्हीच सोसायचे. आरोग्यविम्यात ज्याला डिडक्टिबल म्हणतो तसे. एवढा महाग आणि एवढ्या उशिरा सुरू होणारा विमा आपण घरासाठी घेतला असता का? त्यापेक्षा थोडे शेअर विकून रक्कम पसरून ठेवणे हा विमा स्वस्त पडतो. त्यावर कर किती बसेल ते मात्र आधी पाहावे. नोकरीच्या कंपनीच्या शेअरवर ऑप्शन घेण्याला अनेक कंपन्यांच्या नियमांत बंदी असते. तो कागद आधी वाचावा.

सौद्यापूर्वी पाच प्रश्न

काकांना मी एका कागदी रुमालावर हे पाच प्रश्न लिहून दिले.

१. बिड आणि आस्कमधले अंतर मधल्या भावाच्या किती टक्के आहे? माझ्या सौद्यात दीड डॉलर भागिले २.६५, म्हणजे ५७ टक्के होते. दहाच्या वर असेल तर पडदा बंद करावा, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे.

२. आजचा व्हॉल्यूम आणि ओपन इंटरेस्ट किती? दोन्ही नगण्य असतील तर आत जाता येईल, बाहेर येताना दार अरुंद असेल.

३. नफा सुरू व्हायला भाव कुठे जावा लागेल? कॉलसाठी स्ट्राइक अधिक प्रीमियम, पुटसाठी स्ट्राइक उणे प्रीमियम. आणि तेही मुदतीच्या आत.

४. मी स्वतः भाव लावतो आहे ना? नेहमी 'लिमिट ऑर्डर' द्यावी, मधल्या भावाजवळ. सौदा झाला नाही तर नाही. बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे टाळावीत, कारण तेव्हा अंतर सर्वांत रुंद असते. फुकटच्या संकेतस्थळावरचे भाव अनेकदा पंधरा मिनिटे जुने असतात, म्हणून तक्ता ब्रोकरचाच पाहावा.

५. ही सगळी रक्कम शून्य झाली तर घरातले कोणते काम अडेल? उत्तरात एकही काम आले तर ते पैसे ऑप्शनचे नव्हेत.

कराबद्दल एक ओळ. वर्षाच्या आत मिटलेल्या ऑप्शनचा नफा अल्पमुदतीचा धरून पगारासारखाच करपात्र होतो, आणि इतर भांडवली नफ्याशी वजावट झाल्यावर उरलेला तोटा पगारातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वळता होतो. आणि ऑप्शन लिहून विकणे, म्हणजे दुसऱ्याचा इसार घेणे, यात तोटा प्रीमियमपुरता मर्यादित राहत नाही. त्यावर या लेखात मुद्दाम लिहिलेले नाही. ऑप्शनचे खाते उघडताना ब्रोकर क्लिअरिंग संस्थेची जोखमीविषयीची पुस्तिका देतो. आपण तिच्याखाली 'वाचले' अशी खूण करतो. मीही केली होती. ती खरोखर वाचावी.

पाचवा प्रश्न मी शेवटी शिकलो. ते १,३६० डॉलर आई-बाबांच्या उन्हाळ्यातील मुक्कामासाठी बाजूला काढले होते. पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांना मेडिकेअर लागू होत नाही, आणि इथल्या आपत्कालीन विभागातली एक रात्र वर्षाची बचत नेऊ शकते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्या प्रवासी आरोग्यविम्याचा हप्ता त्यातूनच भरायचा होता. तीन महिन्यांत थोडे वाढवून चांगली पॉलिसी घेऊ, असा माझा बेत होता. बाजारात तुरी, आणि इथे मी डाळ शिजायला घातली होती. शेवटी पॉलिसी चांगलीच घेतली, पण चारशे डॉलर दुसरीकडून काढून. बायको एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी विम्याचे पैसे विम्यातच घाल."

काकांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. परवा त्यांचा फोन आला. चिरंजीवांना पाच प्रश्न विचारले; तिसऱ्यापर्यंत उत्तरे आली, पाचव्याला आली नाहीत. सौदा तूर्त रहित.

कोणाला स्वतःच्या खात्यातला तक्ता समजून घ्यायचा असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. रकाने वाचायला मात्र आनंदाने बसेन.